साखर कुणाची, तेल कुणाचं?

१९६० सालचा ऑगस्ट महिना. क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हुकारो बंदरात ‘होर्नफेल्स’ नावाच्या मालवाहू जहाजात साखर चढत होती. साखर ज्या कंपनीची, ती नोंदणीनं क्युबन; पण तिचे बहुतेक भागधारक अमेरिकेत राहणारे. माल विकत घेतला होता न्यूयॉर्कच्या ‘फार, व्हिटलॉक अँड कंपनी’ या दलाली पेढीनं आणि तो जायचा होता मोरोक्कोला. ६ ऑगस्टला माल चढायला सुरुवात झाली आणि त्याच दिवशी फिडेल कॅस्ट्रो यांच्या सरकारनं हुकूम काढून ती कंपनी सगळ्या मालमत्तेसकट सरकारजमा केली.

आता सरकारच्या परवानगीशिवाय जहाज हलणार नव्हतं. म्हणून पेढीनं ११ ऑगस्टला जुन्याच अटींवर क्युबाच्या सरकारी बँकेशी नवा करार केला. दुसऱ्या दिवशी जहाज सुटलं. मालाची कागदपत्रं आणि सुमारे पावणेदोन लाख डॉलरची दर्शनी हुंडी क्युबाच्या राष्ट्रीय बँकेमार्फत न्यूयॉर्कला पोचली. तोवर जुन्या कंपनीनं पेढीला गाठलं होतं. साखर आमची आहे, पैसे क्युबाला देऊ नका, असं तिचं म्हणणं. पेढीनं कागदपत्रं ताब्यात घेतली, त्यांच्या जोरावर साखर गिऱ्हाइकाच्या हवाली केली, पैसे वसूल केले आणि क्युबाला त्यातला एक डॉलरही दिला नाही. जुन्या कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या मालमत्तेवर तिथल्या कोर्टानं पीटर सब्बातिनो यांना रिसीव्हर (मालमत्ता सांभाळणारा कोर्टाचा प्रतिनिधी) नेमलं होतं. पैसे त्यांच्याकडे जमा झाले. क्युबाच्या बँकेनं दावा लावला.

‘बँको नॅशिओनाल दे क्युबा विरुद्ध सब्बातिनो’ हा खटला आज जगभरच्या कायद्याच्या वर्गांत शिकवला जातो. पावणेदोन लाख डॉलर ही तशी मोठी रक्कम नव्हे. पण त्या रकमेच्या निमित्तानं एक जुना आणि अवघड प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला. एखाद्या देशाच्या सरकारनं आपल्या हद्दीत परक्या माणसाची मालमत्ता काढून घेतली, तर दुसऱ्या देशातल्या न्यायाधीशानं ते कृत्य बेकायदा ठरवावं का?

कंपनीची बाजू कागदावर भक्कम होती. ही जप्ती ज्या कायद्याखाली झाली, तो क्युबानं केला होता अमेरिकेला प्रत्युत्तर म्हणून. ६ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी क्युबाच्या साखरेचा कोटा कापला आणि त्याच दिवशी क्युबानं कायदा क्रमांक ८५१ मंजूर केला. तो फक्त अमेरिकनांच्या मालमत्तेला लागू होता. मोबदला म्हणून ३० वर्षांचे, २ टक्के व्याजाचे रोखे मिळणार होते. त्या रोख्यांसाठी निधी कुठून यायचा? अमेरिकेनं वर्षाला ३० लाख टनांहून जास्त साखर, पौंडाला किमान पावणेसहा सेंट भावानं घेतली, तर त्या वरच्या विक्रीच्या पैशातून. कोटा तर आधीच कापलेला. म्हणजे मोबदला कायद्यात होता, मालकाच्या हाती पडण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. सूडानं केलेली, एकाच देशाच्या नागरिकांपुरती आणि पुरेशा मोबदल्याविना केलेली जप्ती आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे, असं म्हणून जिल्हा न्यायालयानं आणि अपील न्यायालयानं क्युबाचा दावा फेटाळला.

२३ मार्च १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे दोन्ही निकाल फिरवले. आठ विरुद्ध एक अशा बहुमतानं. न्यायमूर्ती जॉन हार्लन यांनी लिहिलेल्या निकालपत्रात क्युबाची पाठराखण कुठेच नाही. त्यांचा मुद्दा वेगळा होता. परक्यांची मालमत्ता घेण्याच्या सरकारच्या अधिकाराला मर्यादा कोणत्या, याबद्दल जगात जितके मतभेद आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रश्नावर असतील, असं त्यांनी नोंदवलं. भांडवल निर्यात करणारे देश एक नियम मानतात, नव्यानं स्वतंत्र झालेले देश दुसरा, कम्युनिस्ट देश तिसरा. अशा वेळी एका देशाच्या कोर्टानं आपलं मत जगाचा कायदा म्हणून सांगितलं, तर ते जगाला पटणार नाही आणि सरकारच्या वाटाघाटींत मात्र अडथळा येईल. म्हणून, ज्या सरकारला अमेरिकेची मान्यता आहे त्यानं स्वतःच्या हद्दीत केलेली जप्ती वैध आहे की नाही, हे कोर्ट तपासणार नाही. अपवाद एकच. दोन्ही देशांमध्ये तसा करार असेल किंवा त्या मुद्द्यावर कायद्याचा नियम निर्विवाद असेल, तर गोष्ट वेगळी.

विरोधी मत देणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांना हे पटलं नाही. आंतरराष्ट्रीय कायदा हा अमेरिकन कायद्याचाच भाग आहे असं आपण म्हणतो आणि तो लागू करायची वेळ आली की हात आखडता घेतो, हे न्यायदान नव्हे, असा त्यांच्या मताचा सारांश. गेल्या सहा दशकांत या विषयावर जे वाद झाले, ते बहुतेक या दोघांच्या मतांभोवतीच फिरत राहिले आहेत.

कातडी, प्लायवूड आणि राजवाड्यातलं सामान

हा सिद्धांत ‘ॲक्ट ऑफ स्टेट’ या नावानं ओळखला जातो आणि तो क्युबाच्या बराच आधीचा आहे. १८९७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं व्हेनेझुएलातल्या एका प्रकरणात तो स्पष्ट शब्दांत मांडला. अंडरहिल नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं तिथल्या सियुदाद बोलिव्हार शहराची पाणीपुरवठा योजना उभारली होती. क्रांतिकारी सेनानी हेर्नांदेस यांनी शहर ताब्यात घेतल्यावर अंडरहिलला बराच काळ शहर सोडू दिलं नाही. नंतर त्यानं अमेरिकेत भरपाईचा दावा लावला. कोर्टानं सांगितलं की, एका सार्वभौम देशाच्या सरकारनं आपल्या भूमीवर केलेल्या कृत्याचा न्याय दुसऱ्या देशाची न्यायालयं करणार नाहीत.

१९१८ साली हाच नियम मालमत्तेला लागला. मेक्सिकोतल्या यादवीत पांचो व्हिया यांच्या सैन्यानं तोरेओन शहर घेतलं, व्यापाऱ्यांवर सक्तीची वर्गणी बसवली आणि ती न देणाऱ्या एका व्यापाऱ्याची कातडी जप्त करून विकली. ती कातडी फिरत फिरत अमेरिकेत आली. मूळ मालकाच्या हक्कदारानं दावा लावला. व्हिया ज्या पक्षाकडून लढत होते तो पुढे सत्तेवर आला आणि अमेरिकेनं त्या सरकारला मान्यता दिली. त्यामुळे मान्यतेच्या आधीची जप्तीही कोर्टाच्या कक्षेबाहेर गेली.

मान्यतेला किती वजन आहे, हे लंडनमध्ये त्याहून ठळकपणे दिसलं. लुथर नावाच्या कंपनीचा रशियात स्ताराया रुस्सा इथं प्लायवूडचा कारखाना होता. बोल्शेविकांनी तो ताब्यात घेतला आणि तिथलं प्लायवूड १९२० साली लंडनच्या सेगर कंपनीला विकलं. माल लंडनला आल्यावर लुथर कंपनी कोर्टात गेली आणि जिंकली, कारण ब्रिटननं सोव्हिएत सरकारला तेव्हा मान्यता दिली नव्हती. अपील चालू असतानाच ब्रिटिश सरकारनं ते प्रत्यक्षात सत्तेवर असलेलं सरकार असल्याचं मान्य केलं आणि मे १९२१ मध्ये अपील न्यायालयानं निकाल उलटवला. माल तोच, कायदा तोच, पुरावाही तोच. मध्ये फक्त परराष्ट्र खात्याचं एक पत्र आलं होतं.

यातलं सगळ्यात करुण प्रकरण राजकुमारी ओल्गा पाले यांचं. त्यांचे पती, झारचे काका ग्रँड ड्यूक पावेल यांना बोल्शेविकांनी जानेवारी १९१९ मध्ये ठार केलं. ओल्गा जीव वाचवून देशाबाहेर पडल्या. त्सारस्कोये सेलो इथला त्यांचा वाडा सरकारनं संग्रहालय केला आणि तिथल्या काही वस्तू १९२८ साली वाइस नावाच्या खरेदीदाराला विकल्या. लंडनमध्ये ओल्गा यांनी आपल्या घरातल्या त्या वस्तू ओळखल्या आणि दावा लावला. त्या वस्तू कुणाच्या होत्या याबद्दल फारसा वाद नव्हता. तरीही १९२९ साली त्या हरल्या. रशियाच्या मान्यताप्राप्त सरकारनं रशियात, रशियन प्रजाजनाची मालमत्ता घेतली होती. इंग्लंडच्या कोर्टाला त्यावर बोलायचं कारण नाही, असं ठरलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ओल्गा यांचं निधन झालं.

एकच तेल, तीन निकाल

इथपर्यंत नियम सरळ वाटतो. पण १९५१ साली इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसद्देक यांनी अँग्लो-इराणियन ऑइल कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं आणि वेगवेगळ्या देशांतले न्यायाधीश या नियमाकडे किती वेगळ्या नजरेनं बघतात ते जगाला दिसलं. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक होता. कंपनीचा करार १९९३ पर्यंतचा होता. जो कुणी इराणकडून तेल घेईल त्याच्यावर दावा लावू, अशा जाहीर नोटिसा कंपनीनं देशोदेशीच्या वृत्तपत्रांत दिल्या. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं जुलै १९५२ मध्ये हे प्रकरण आपल्या अधिकारात येत नाही असं सांगितलं. मग लढाई उरली ती बंदराबंदरांतल्या कोर्टांत.

पहिलं बंदर एडन. जवळजवळ शतकभर मुंबई इलाख्यातून कारभार चाललेलं हे ठाणं तोवर ब्रिटिश वसाहत झालं होतं. १९५२ च्या उन्हाळ्यात इराणी तेल घेऊन निघालेल्या ‘रोझ मेरी’ या टँकरला तिथं शिरावं लागलं. कंपनीनं लगेच दावा लावला. जानेवारी १९५३ मध्ये न्यायमूर्ती कॅम्बेल यांनी तेल कंपनीचंच असल्याचा निकाल दिला. प्लायवूडच्या खटल्यात सरकारनं आपल्याच प्रजेचा माल घेतला होता, इथं परक्याचा घेतला आहे. आणि परक्याची मालमत्ता मोबदल्याविना घेणं आंतरराष्ट्रीय कायद्याला मान्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद.

दोनच महिन्यांनी, मार्च १९५३ मध्ये, ‘मिरिएल्ला’ जहाजातून आलेल्या इराणी तेलाबद्दल व्हेनिसच्या कोर्टानं कंपनीला नकार दिला. इराणच्या कायद्यात मोबदल्याची तरतूद आहे, तेव्हा ही निव्वळ लूट म्हणता येणार नाही, असं इटालियन न्यायाधीशांचं मत पडलं. १९५४ साली रोमच्या कोर्टानंही तोच सूर लावला.

तिसरं बंदर जपानमधलं कावासाकी. इदेमित्सु साझो या तेल व्यापाऱ्यानं ब्रिटिशांच्या धमक्यांना न जुमानता आपला ‘निश्शो मारू’ हा टँकर अबादानला धाडला. तो तेल भरून मे १९५३ मध्ये जपानला परतला, तेव्हा युद्धात हरलेल्या आणि नुकत्याच परकीय अमलातून सुटलेल्या त्या देशात लोकांनी त्याचं कौतुक केलं. कंपनीनं टोकियोच्या जिल्हा न्यायालयात माल अडवायची मागणी केली. कोर्टानं ती फेटाळली. मोबदला देण्याचं कायद्यात म्हटलं आहे. तो पुरेसा आहे की नाही हे परक्या देशाच्या कोर्टानं ठरवू नये, अशी भूमिका त्यानं घेतली. अपिलातही ती टिकली.

एडनला ब्रिटिश न्यायाधीश, व्हेनिस आणि टोकियोला तेलाची गरज असलेल्या देशांचे न्यायाधीश. त्यातल्या कुणाच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. तिघांनीही कायद्याची कारणं दिली. पण माल कोणत्या बंदराला लागतो यावर निकाल बदलतो, हे व्यापाऱ्यांनी ओळखलं आणि पुढे जहाजांचे मार्ग त्या हिशेबानं ठरू लागले.

इंडोनेशियानं हे लगेच करून दाखवलं. सुमात्राची तंबाखूची पानं सिगारच्या वरच्या वेष्टणासाठी जगात नावाजलेली. तिचा लिलाव पिढ्यानपिढ्या ॲमस्टरडॅमला होत असे. पश्चिम इरियन या प्रदेशावरून नेदरलँड्सशी चाललेल्या वादातून इंडोनेशियानं १९५८ साली डच मळ्यांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि तंबाखू जर्मनीतल्या ब्रेमेन बंदराकडे वळवली. डच कंपन्या ब्रेमेनच्या कोर्टात गेल्या. कायदा फक्त डचांविरुद्ध आहे, म्हणजे भेदभाव आहे, असं त्यांचं म्हणणं. १९५९ साली अपील न्यायालयानं ते मानलं नाही. ज्यांच्यावर परकी सत्ता होती ते लोक त्या सत्तेच्या भांडवलाशी इतरांपेक्षा वेगळे वागले, तर त्याला कारण आहे, असं त्यानं म्हटलं. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या न्यायालयानं मात्र तीच जप्ती मानायला नकार दिला.

नियम कुठे थांबतो

परक्या सरकारची जप्ती कोर्ट तपासत नाही, याला काही ठाम मर्यादा आहेत. पहिली मर्यादा जागेची. जप्तीच्या वेळी मालमत्ता त्या सरकारच्या हद्दीत असली पाहिजे. १४ जुलै १९५८ च्या बंडात इराकचे तरुण राजे फैसल दुसरे मारले गेले. नव्या सरकारनं राजघराण्याची सगळी मालमत्ता जप्त केल्याचं जाहीर केलं आणि न्यूयॉर्कच्या बँकेतल्या राजांच्या ठेवीवर व शेअरांवर हक्क सांगितला. अमेरिकन अपील न्यायालयानं १९६५ साली तो धुडकावला. पैसा न्यूयॉर्कमध्ये होता. बगदादचा हुकूम तिथवर पोचत नाही.

दुसरी मर्यादा कृत्याच्या स्वरूपाची. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकनं कुवेतवर हल्ला केला, तेव्हा कुवेत एअरवेजची १० विमानं इराकी सैन्याच्या हाती लागली. ती इराकमध्ये नेण्यात आली. सप्टेंबरमध्ये सद्दाम हुसेन यांच्या सरकारनं ठराव क्रमांक ३६९ काढून कुवेतची विमान कंपनीच बरखास्त केली आणि तिची मालमत्ता इराकी एअरवेजला दिली. त्यातली चार विमानं मोसूलच्या विमानतळावर मित्रराष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. उरलेली सहा इराणला नेऊन ठेवलेली होती. ती १९९२ मध्ये कुवेतला परत मिळाली. लंडनमधला दावा दशकभर चालला. ठराव इराकी सरकारचा, विमानंही तेव्हा इराकच्या हद्दीत. जुन्या नियमानं कोर्टानं गप्प बसायला हवं होतं. पण मे २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्स या ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायासनानं तो ठराव मानायला साफ नकार दिला. शेजारी देश गिळण्याच्या प्रयत्नाचा भाग म्हणून काढलेला हुकूम हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा इतका उघड भंग आहे, आणि सुरक्षा परिषदेनं तो कब्जा इतक्या स्पष्टपणे रद्दबातल म्हटला आहे, की इथं नियमाबद्दल कुणाच्या मनात शंका उरत नाही. हार्लन यांनी ‘निर्विवाद नियम’ म्हणून जी फट ठेवली होती, तिच्यात बसेल असंच हे प्रकरण.

तिसरी मर्यादा संसदेची. सब्बातिनो निकालानं अमेरिकेत संताप उसळला आणि त्याच वर्षी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, आयोवाचे सिनेटर बर्क हिकनलूपर यांच्या नावानं ओळखली जाणारी दुरुस्ती मंजूर झाली. १ जानेवारी १९५९ नंतरच्या जप्तींना ती लागू केली. आंतरराष्ट्रीय कायदा मोडून घेतलेल्या मालमत्तेबद्दलचा दावा असेल, तर ‘ॲक्ट ऑफ स्टेट’चं कारण सांगून कोर्टानं निकाल द्यायचं टाळू नये, असा तिचा आशय. तारीख मुद्दाम कॅस्ट्रोंच्या सत्तेवर येण्याला धरून होती. सब्बातिनोचं प्रकरण खालच्या कोर्टात परत गेलं, तिथं ही दुरुस्ती त्यालाच लागली आणि सर्वोच्च न्यायालयात जिंकलेला क्युबा अखेर तोच खटला हरला.

सरकारलाच कोर्टात खेचायचं तर

आतापर्यंतच्या बहुतेक खटल्यांत सरकारनं घेतलेला माल तिसऱ्याच्या हाती होता. सरकारवरच दावा लावायचा झाला तर आणखी एक अडसर येतो: सार्वभौम देशाला परक्या कोर्टात खेचता येत नाही. भारतातही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ नुसार केंद्र सरकारच्या संमतीशिवाय परदेशी सरकारवर दावा लावता येत नाही. अमेरिकेनं १९७६ च्या कायद्यात या कवचाला एक अपवाद ठेवला. मालमत्ता आंतरराष्ट्रीय कायदा मोडून घेतलेली असेल आणि तिचा अमेरिकेतल्या व्यापारी व्यवहाराशी कायद्यात सांगितलेला संबंध असेल, तर दावा चालू शकतो.

या अपवादाच्या आधारे मारिया आल्टमन यांनी ऑस्ट्रियाला कोर्टात उभं केलं. त्यांच्या काकांच्या मालकीची गुस्ताव क्लिम्ट यांची चित्रं नाझींनी घेतली होती आणि ती ऑस्ट्रियाच्या सरकारी संग्रहात गेली होती. २००४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दावा चालू शकतो असं ठरवलं. त्यानंतर दोन्ही बाजूंनी ऑस्ट्रियातला लवाद मान्य केला आणि २००६ मध्ये पाच चित्रं कुटुंबाला परत मिळाली. त्यातलं आदेले ब्लोख-बाउअर यांचं सोनेरी चित्र आज न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात आहे.

पण २०२१ साली त्याच न्यायालयानं या अपवादाला स्पष्ट कुंपण घातलं. फ्रँकफर्टच्या ज्यू कलाव्यापाऱ्यांनी १९३५ साली मध्ययुगीन चर्चच्या मौल्यवान वस्तूंचा संग्रह प्रशियाला विकला होता. तो दबावाखाली, मातीमोल किमतीला विकावा लागला, असं त्यांच्या वारसांचं म्हणणं. न्यायालय एकमतानं म्हणालं की मालमत्ता काढून घेण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय कायदा परक्यांच्या मालमत्तेपुरता आहे; सरकारनं आपल्याच नागरिकाची मालमत्ता घेतली तर तो नियम लागत नाही. हा निकाल वारसांच्या दृष्टीनं कठोर आहे. ज्या सरकारनं त्या व्यापाऱ्यांचं नागरिकत्वच पायदळी तुडवलं, त्याच सरकारचे ‘आपले नागरिक’ ते ठरल्यामुळे वारसांचा दावा अडला.

मोबदल्याचा खरा रस्ता

मग मालकांना पैसे मिळतात कसे? बहुतेक वेळा दोन सरकारांच्या तडजोडीतून. अँग्लो-इराणियन कंपनीला एडनचा निकाल मिळाला तरी शेवट झाला तो १९५४ च्या समझोत्यानं. इराणनं हप्त्याहप्त्यानं अडीच कोटी पौंड द्यायचं कबूल केलं. चीननं अमेरिकनांची जी मालमत्ता घेतली होती, तिचे दावे अमेरिकेच्या आयोगानं तपासून सुमारे १९ कोटी ७० लाख डॉलरचे ठरवले होते. १९७९ च्या करारात ८ कोटी ५ लाख डॉलर मिळाले, म्हणजे डॉलरमागे साधारण ४१ सेंट. क्युबाविरुद्ध त्याच आयोगानं ५,९१३ दावे मान्य केले आहेत. मूळ रक्कम सुमारे १.९ अब्ज डॉलर. तडजोड झालेली नाही, त्यामुळे ते दावे अजून तसेच पडून आहेत.

वाद टाळून काम कसं होतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. ट्रॉम्बे-माहुलच्या पट्ट्यातले दोन तेलशुद्धीकरण कारखाने पन्नाशीच्या दशकात परदेशी कंपन्यांनी उभारले: एक एस्सोच्या, दुसरा बर्मा-शेलच्या नावानं ओळखला जाई. भारत सरकारनं १९७४ आणि १९७६ साली ते कायदे करून ताब्यात घेतले आणि त्यांतून आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम कंपन्या उभ्या राहिल्या. मोबदला वाटाघाटींतून आधी ठरला होता. म्हणून त्या तेलाच्या मागे परदेशी बंदरांत कुणी कोर्टकचेरी केली नाही.

किती मोबदला द्यायचा यावर मात्र जगाचं एकमत झालेलं नाही. मेक्सिकोनं अमेरिकनांच्या जमिनी आणि तेलविहिरी घेतल्यावर १९३८ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी मोबदला तत्काळ, पुरेसा आणि वापरता येईल अशा चलनात हवा, असा आग्रह धरला. संयुक्त राष्ट्रांच्या १९६२ च्या ठरावात ‘योग्य’ मोबदला एवढंच आलं. हा फरक भरून काढण्यासाठी देशांनी आपसांत गुंतवणूक संरक्षणाचे करार केले आणि वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायची वाट उघडली.

ही वाट कशी चालते ते भारतीय कंपनीनंही अनुभवलं आहे. जीएमआर समूहाच्या गटाला २०१० साली मालदीवच्या माले विमानतळाचं काम २५ वर्षांसाठी मिळालं. नोव्हेंबर २०१२ मध्ये नव्या सरकारनं करार रद्द ठरवून विमानतळ सोडायला सांगितलं. करारात सिंगापूरमधल्या लवादाचं कलम होतं, म्हणून कंपनी तिथल्या कोर्टात गेली. उच्च न्यायालयानं ताब्याला मनाई केली. पण तीनच दिवसांत, ६ डिसेंबरला, अपील न्यायालयानं ती उठवली. आपल्या विमानतळाचा ताबा घ्यायचा अधिकार मालदीव सरकारला आहे आणि ते करणं चुकीचं ठरलं तर भरपाई पैशात देता येईल, असा त्या निर्णयाचा रोख होता. विमानतळ गेलं. २०१६ साली लवादानं २७ कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि मालदीवनं ती भरली.

या सगळ्या निकालांतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. परक्या सरकारनं आपल्या भूमीवर घेतलेली वस्तू कोर्टाकडून परत मिळवणं फार अवघड आहे, आणि ते तसं असण्यात काही गैर नाही. मुंबईच्या न्यायाधीशानं दुसऱ्या देशाच्या जमीन सुधारणेचा निवाडा करावा, हे आपल्याला जसं पटणार नाही, तसंच लंडन-न्यूयॉर्कच्या न्यायाधीशानं आपल्या राष्ट्रीयीकरणाचा करावा हेही पटणार नाही. पण वस्तू न मिळणं वेगळं आणि तिची किंमत बुडणं वेगळं. किंमत मिळवून देणारी यंत्रणा आधी उभी नसेल, तर मालकाचं नशीब जहाजाच्या बंदरावर किंवा परराष्ट्र खात्याच्या पत्रावर अवलंबून राहतं, आणि सामान्य गुंतवणूकदाराला ते परवडणारं नाही.

आज मराठी उद्योजक आखातात, आफ्रिकेत, आग्नेय आशियात दुकानं, गोदामं, कारखाने काढत आहेत. भारतानं २०१६ नंतर आपले बहुतेक जुने गुंतवणूक करार संपवले आहेत. नव्या नमुना करारात लवादाकडे जाण्याआधी साधारण पाच वर्षं त्या देशाच्या न्यायालयांत दाद मागायची अट आहे. म्हणून परदेशात पैसा घालण्याआधी तीन गोष्टी वकिलाकडून लेखी समजून घ्याव्यात: त्या देशाच्या कायद्यात सरकारी ताब्याच्या मोबदल्याबद्दल काय म्हटलं आहे, भारताचा त्या देशाशी गुंतवणूक करार आजही लागू आहे का, आणि वाद झाला तर तो कुठे चालेल. यातलं तिसरं उत्तर आपल्या करारपत्रात लिहून घ्यावं. जीएमआरच्या करारात ते कलम होतं आणि चार वर्षांनी का होईना, पैसे त्याच कलमामुळे मिळाले.